डब्यांवरील आयएसआय चिन्ह: सभासदांना आठवण

सप्रेम नमस्कार. आमरस, मासळी हवाबंद करण्याचे पत्र्याचे गोल डबे (भारतीय मानक आयएस ९३९६) किंवा पेयांचे अॅल्युमिनियम कॅन (आयएस १४४०७) बनवणाऱ्यांना आयएसआय चिन्ह देणाऱ्या बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) परवाना सक्तीचा आहे. अर्ज 'मानक ऑनलाइन' पोर्टलवर करावा. परवाना कारखान्याच्या जागेनुसार मिळतो. वेर्णा आणि कुंडई दोन्हीकडे उत्पादन असेल तर अर्जही दोन. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो वेगळा.

चाचणीची सोय आधी उभी करा. अधिकारी कारखान्यात येऊन ती पाहतात, आणि घाईत केलेली तयारी तिथेच उघडी पडते.

डबे विकत घेणाऱ्यांनी चिन्हासोबतचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर तपासूनच ऑर्डर द्यावी, ही कळकळीची विनंती.

कागदपत्रांत अडचण आल्यास कार्यालयात या; सोबत बसून अर्ज भरू.

– सचिव