लिस्बनला येण्यापूर्वी

लिस्बन,
८ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिसा मंजूर झाल्याचे फोनवर कळले तेव्हा मी कचेरीत होते, त्यामुळे आनंद नीट व्यक्त करता आला नाही. फोनवर सांगितलेल्या सूचना आई अर्ध्या ऐकते आणि बाबा त्यांवर लगेच वाद घालतात, म्हणून या वेळी सगळे सविस्तर लिहून पाठवते आहे. पत्र जपून ठेवावे आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचावे.

बाबा, तुमची यादी मिळाली. नऊ दिवस आणि सत्तावीस ठिकाणे असा हिशेब तुम्ही वहीच्या पानावर रेघा मारून मांडला आहे, आणि त्यांतील एकही ठिकाण वगळण्याजोगे नाही. चूक आहे ती फक्त बेरजेत, कारण त्या बेरजेत चढ धरलेले नाहीत. लिस्बन सात टेकड्यांवर वसले आहे असे म्हणतात. नकाशावर दोन बोटांच्या अंतरावर दिसणारी जागा प्रत्यक्षात शंभर पायऱ्या वर असते, आणि तिथे पोहोचल्यावर कळते की पुढची जागा तितक्याच पायऱ्या खाली आहे. म्हणून मी तुमच्या यादीला कात्री लावली आहे. दिवसाला एकच ठिकाण पाहायचे, तेही सकाळी. दुपारी घरी येऊन आडवे व्हायचे, आणि संध्याकाळी नदीकाठी बसायचे. मेच्या अखेरीस इथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारची झोप घेऊनही दिवस हातातून गेला असे वाटणार नाही.

चढापेक्षाही मला काळजी आहे ती फरसबंदीची. इथले पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या लहान लहान चौकोनी तुकड्यांनी मढवलेले असतात. रॉसियू चौकात त्याच तुकड्यांतून समुद्राच्या लाटांची नक्षी काढली आहे, आणि ती इतकी हुबेहूब आहे की सपाट जमिनीवरही पाऊल अडखळते. शेकडो पावलांनी घासून ही चुनखडी काचेसारखी गुळगुळीत होते आणि पावसाच्या दोन थेंबांनीही निसरडी बनते. आता एक गोष्ट कबूल करते. पहिल्या हिवाळ्यात मी ‘सर्दीने बेजार आहे, व्हिडिओवर बोलत नाही’ असे तुम्हाला पंधरा दिवस सांगत होते, तेव्हा मला सर्दी झालेली नव्हती. अशाच एका उतारावर घसरून माझे मनगट मोडले होते आणि हात प्लास्टरमध्ये होता. आई, रागावू नकोस. हात आता पूर्ण बरा आहे, आणि हे आज सांगण्याचे कारण एवढेच की जे मला तिसाव्या वर्षी झाले ते बाबांना एकाहत्तराव्या वर्षी होऊ नये.

प्रवासाची माहिती देणारे बहुतेक लोक सांगतात की वर जाताना ट्रामने जावे आणि उतरताना चालत यावे. तरुणांसाठी तो सल्ला ठीक आहे, परंतु बाबांच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो हे आपल्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीच सांगितले आहे, आणि माणूस घसरतो तोही उतरतानाच. तेव्हा आपला नियम उलटा राहील. पायी चालायचे ते सपाटीवर, म्हणजे बायशा या मधल्या पेठेत, नदीकाठच्या रस्त्यावर आणि बेलें या नदीकाठच्या भागात. टेकडीवर जाताना आणि तिथून परतताना, दोन्ही वेळा, वाहन किंवा लिफ्ट. शहराने त्याची चांगली सोय केली आहे. साऊं जॉर्ज किल्ल्याच्या दिशेने जाण्यासाठी बायशामधल्या एका जुन्या इमारतीत फुकट लिफ्ट आहे, आणि तिथून थोडे चालल्यावर वाहनतळाच्या इमारतीत दुसरी. शियादू या वरच्या पेठेत जाण्यासाठी मेट्रो स्थानकाच्या आतले सरकते जिने वापरता येतात. त्यासाठी तिकीटही काढावे लागत नाही. एखादे दिवशी ते जिने बंद असले तर निमूटपणे माघारी फिरावे, पायऱ्या मोजण्याची जिद्द धरू नये.

अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम बाबांच्या यादीत पहिली आहे. ती अवश्य घेऊ, पण ती जिथून सुटते त्या मार्तीं मोनीझ चौकातल्या रांगेत तासभर उभे राहून नव्हे. तिच्या दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकच्या स्मशानभूमीजवळ, सकाळी लवकर जाऊन चढले की खिडकीजवळची जागा मिळते. गर्दीच्या वेळी त्या ट्राममध्ये खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. आपल्या लोकलच्या गर्दीत चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे आहे, तरीही पासपोर्ट घरी ठेवावा, त्याची प्रत जवळ बाळगावी आणि पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. बेलेंला जाणारी पंधरा क्रमांकाची ट्राम नवी आणि बुटकी असते, तिच्यात चढणे सोपे जाते.

बेलेंसाठी एक पूर्ण सकाळ राखून ठेवली आहे. जेरोनिमुश मठाचे काम १५०१ च्या सुमारास राजा मानुएलने सुरू केले. तिथल्या चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी दिसते आणि समोरच्या बाजूला कवी कामोंइशची. गामा मेला कोचीला, १५२४ मध्ये. काही वर्षांनी त्याच्या अस्थी पोर्तुगालला आणल्या गेल्या, आणि या मठात त्या आल्या १८८० मध्ये. तिथून जवळच १८३७ पासून चालणारे ते प्रसिद्ध दुकान आहे, जिथे गरम गरम कस्टर्डच्या वाट्या मिळतात. आई, त्यात अंड्याचा बलक असतो हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिला घास घेतल्यावर माझ्याकडे तशा नजरेने पाहायला नको. सोमवारी मात्र मठ आणि बरीच संग्रहालये बंद असतात, म्हणून तुमच्या तक्त्यातला सोमवार मी विश्रांतीसाठी मोकळा ठेवला आहे.

बाबा, तुमच्यासाठी माझ्या मनात खरे तर दुसरीच एक जागा आहे, आणि ती यादीत नव्हती. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, लोक सणाच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमले असताना, इथे प्रचंड भूकंप झाला. त्यामागून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. बायशाचे आजचे सरळ रस्ते त्यानंतर राजाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली आखले गेले, आणि पुन्हा हादरा बसला तरी इमारती टिकाव्यात म्हणून भिंतींच्या आत लाकडी पिंजरे बसवले गेले. कार्मु मठाचे छप्पर मात्र पडले ते पुन्हा पूर्ण झालेच नाही. उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या त्या कमानी मी पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मला युरोप आठवला नाही, वसईचा किल्ला आठवला. लहानपणी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही आम्हाला तिथे न्यायचात, बिनछपराच्या चर्चमध्ये उभे करून १७३९ चा वेढा सांगायचात, आणि चिमाजी अप्पांच्या नावाशी तुमचा आवाज चढायचा. वसईत दोनशे वर्षे राज्य करणारे लोक जिथून आले ते गाव आता तुम्ही पाहणार आहात. कार्मुच्या त्या बाकावर बसून तीच गोष्ट पुन्हा सांगा. या वेळी मी मध्ये उठून कैऱ्या पाडायला जाणार नाही.

आईसाठीही एक समाधी शोधून ठेवली आहे. साऊं व्हिसेंत द फोरा या मठात ब्रागांसा राजघराण्यातील मंडळी चिरविश्रांती घेत आहेत, आणि त्यांत कातारिना नावाची राजकन्याही आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचे लग्न ठरले, तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई बेट आंदण म्हणून दिले गेले. जिच्या हुंड्यात आपली मुंबई गेली त्या बाईला भेटून यावे असे मला तुझ्याच वतीने नेहमी वाटत आले आहे. मंगळवारी किंवा शनिवारी गेलो तर मठामागे जुन्या वस्तूंचा बाजार भरलेला असतो. घासाघीस चालते, फक्त पितळेचे काही घेऊ नकोस, परत नेताना वजन बाबांना उचलावे लागेल.

भाषेची धास्ती बाळगू नका, कारण तुम्ही दोघे जन्मापासून थोडी थोडी पोर्तुगीज बोलतच आला आहात. पाव, बटाटा, चावी, बादली, कोबी, काजू, पगार, घमेले, लिलाव, नाताळ हे सगळे शब्द इथूनच आपल्याकडे आले. आईने भाजीच्या दुकानात बोट न दाखवता ‘बटाटा’ म्हणून पाहावे. चहाला इथे ‘शा’ म्हणतात, तो दुधाशिवाय येतो आणि तो पिऊन तुमचे समाधान होणार नाही, तेव्हा सकाळ-संध्याकाळचा चहा घरीच. आभार मानताना बाबांनी ‘ओब्रिगादु’ म्हणावे आणि आईने ‘ओब्रिगादा’. बोलणारा पुरुष की स्त्री यावर ते ठरते.

उपाहारगृहात बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह आणि लोणी समोर ठेवतात. ते आदरातिथ्य नसते, खाल्ले तर पैसे पडतात, आणि नको असेल तर हाताने बाजूला सारले की काम भागते. आईला हिरव्या पालेभाजीचे सूप कोणी सुचवले तर थांबावे, कारण त्यात बहुधा सॉसेजचा तुकडा असतो. शाकाहारी जेवणासाठी एक चांगली जागा म्हणजे लुमियार भागातले राधाकृष्ण मंदिर. तिथल्या भोजनगृहात साधे सात्त्विक जेवण मिळते. हा समाज बहुतांशी गुजराती असून मोझांबिक आणि दीवमार्गे इथे आला आहे, त्यामुळे आईला बोलायला माणसेही मिळतील. बाबांनी सुके खारवलेले ‘बाकाल्याऊ’ एकदा खाऊन पाहावे. वसईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळतात तसाच हा प्रकार आहे, फक्त हा मासा इथल्या समुद्रातला नसून थेट उत्तरेकडून येतो, आणि तरीही इथल्या लोकांना त्याचाच सगळ्यात जास्त अभिमान.

आता सामानाविषयी. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ आणू देत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा, चक्का यांपैकी काहीही बॅगेत नको. हापूसही आणू नये; आंब्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि ते नसले तर विमानतळावरच पेटी काढून घेतात. ‘हापूस’ हे नावच मुळी ‘आफोंसो’ या पोर्तुगीज नावावरून आलेले, आणि त्याच आंब्याला या गावात शिरता येत नाही, याचे मला दर मे महिन्यात वाईट वाटते. गोडा मसाला, मेतकूट आणि सुकी आमसुले तेवढी आणावीत. तांदूळ, पोहे, कणिक, डाळी मार्तीं मोनीझजवळ सगळे मिळते, त्यासाठी वजन भरू नये. दोन पिनांचे चार्जर इथे चालतात, तीन पिनांचे चालत नाहीत. दिवसा ऊन चांगले असते, पण संध्याकाळी अटलांटिकवरून वारा सुटतो, म्हणून एकेक स्वेटर हवाच.

बाबांच्या रक्तदाबाच्या आणि आईच्या थायरॉइडच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या अधिक एका आठवड्याच्या घ्याव्यात, त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी, जिच्यावर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहिलेले असेल. विम्याचा कागदही तिथेच ठेवावा; त्यावर किमान ३०,००० युरोंचे संरक्षण लिहिलेले आहे हे एकदा डोळ्यांखालून घालावे. इथे कोणत्याही अडचणीत ११२ हा एकच क्रमांक लावायचा. दोन्ही विमानांसाठी मी चाकाच्या खुर्चीची नोंद केली आहे. बाबांना ते आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु विमान बदलताना चालावे लागणारे अंतर आणि पारपत्र तपासणीची रांग मी पाहिलेली आहे, तेव्हा खुर्ची नाकारू नये.

राहता राहिले बूट. बाबा, तुमचे ते काळे कातडी बूट लग्नकार्यासाठी ठेवा. इथे रबरी, खोल खाचांच्या तळव्याचे बूट लागतील, आणि नवे घ्यायचे असतील तर ते आत्ताच घेऊन दोन महिने रोज तलावाच्या फेरीला वापरा, म्हणजे इथे येऊन पायाला चावणार नाहीत. आईच्या चपलांनाही मागून पट्टा हवा. दोघांच्याही बुटांच्या तळव्यांचे फोटो या रविवारपर्यंत मला पाठवावेत. खाचा पाहिल्याशिवाय मी मठाची तिकिटे काढणार नाही.

तुमची,
धाकटी