टक्का कशावर लावायचा, हे सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

काका गेल्यावर त्यांच्या इस्टेटीचं काम तुम्ही सॉलिसिटर म्हणजे वकील म्हणून पाहिलंत; ती फाईल परवा बंद झाली. तुमचं शेवटचं बिल काकूंनी उघडलं आणि वाचता वाचता त्या एका ओळीवर थांबल्या. "दूरध्वनी, 24 मिनिटं. शुल्क नाही." त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. खासगीत पाठवता आलं असतं, पण इंग्लंडमधल्या अनेक मराठी घरांत आता आईवडिलांची पिढी थकली आहे. त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून उघडपणे लिहितो आहे.

तुमच्याआधी ज्या सॉलिसिटर फर्मकडे कागद दिले होते, तिचं नाव घेत नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत फीचा आकडा सांगितला, "इस्टेटीच्या 2 टक्के." घर 3 लाख 60 हजार पौंडांचं, बँक आणि आयसा (करमुक्त बचत खातं) मिळून 90 हजार, प्रीमियम बाँड (सरकारी बचत रोखे) 30 हजार. एकूण 4 लाख 80 हजार, त्याचे 2 टक्के 9,600 पौंड. वर 20 टक्के व्हॅट धरला की 11,520. व्हॅटचा उल्लेख पत्राच्या दुसऱ्या पानावर, बारीक टायपात होता. माणूस जाऊन पंधरा दिवस झालेले असताना दुसरं पान कोण वाचतं?

तुम्ही आकडा सांगण्याआधी एक प्रश्न विचारलात, "घर कोणाच्या नावावर आहे, आणि कसं?" मग लँड रजिस्ट्री या सरकारी मालमत्ता-नोंदणी कार्यालयातून 7 पौंड भरून उतारा काढलात आणि काकूंसमोर ठेवलात. मालक म्हणून दोघांची नावं. खाली बोट ठेवून म्हणालात, "इथे एक निर्बंधाची ओळ असते. एकट्या उरलेल्या मालकाने विक्री केली तर ती कोर्टाच्या हुकमाशिवाय नोंदवू नये, अशा अर्थाची. ती इथे नाही." म्हणजे दोघं जॉइंट टेनंट्स. एक गेला की घर आपसूक दुसऱ्याचं होतं. त्याला मृत्युपत्र लागत नाही की प्रोबेट, म्हणजे गेलेल्या माणसाची मालमत्ता हाताळायची कोर्टाची परवानगी. ती ओळ असती तर ते टेनंट्स इन कॉमन ठरले असते, आणि काकांचा हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे गेला असता. इनहेरिटन्स टॅक्सच्या (वारसा कराच्या) हिशोबात काकांचं अर्धं घर दाखवावं लागतं, पण ते दाखवणं वेगळं आणि त्याच्यावर टक्का लावून फी घेणं वेगळं. पहिल्या फर्मने पूर्ण घर धरलं होतं. निव्वळ त्या घरापोटी व्हॅटसकट 8,640 पौंड गेले असते, तेही ज्या कामाची गरजच नव्हती त्यासाठी.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी टक्का ऐकला की लगेच विचारावं. कशावर टक्का? कर्ज वजा करून की न करता? संयुक्त मालमत्ता धरून की वगळून? टक्क्याच्या जोडीला तासाचा दरही आहे का? लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात मूल्यावर घ्यायची फी राहत्या घरासाठी बाकीच्या मालमत्तेच्या निम्म्या दराने धरलेली आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पहिल्यांदा कळलं. डिसेंबर 2018 पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या सॉलिसिटर फर्मना प्रोबेटचे दर वेबसाइटवर द्यावे लागतात. ते वाचताना 'अंदाजे' आणि 'निश्चित' हे दोन शब्द शोधावेत. अंदाज वाढू शकतो. ठरलेली रक्कम मात्र काम तेच राहिलं तर वाढत नाही.

उरले 1 लाख 20 हजार. प्रीमियम बाँड 5 हजारांच्या वर असले की ग्रँट, म्हणजे प्रोबेट मिळाल्याचा कागद, लागते, आणि बँकेतली रक्कमही त्या बँकेच्या मर्यादेपलीकडे होती. म्हणून प्रोबेट घ्यावंच लागलं. तुम्ही फक्त ग्रँट काढून देण्याचे ठरलेले 950 पौंड सांगितलेत. ग्रँट आल्यावर बँकांना पत्रं लिहिणं, खाती बंद करणं हे घरचे लोक करू शकतात, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, स्वतःचं काम कमी करून. अंत्यविधीचं बिल दाखवलं तर गोठवलेल्या खात्यातूनही बँक ते परस्पर भरते, हेही तुमच्याकडूनच कळलं. तोवर काकू स्वतःच्या बचतीतून पैसे काढायला निघाल्या होत्या.

टॅक्सचा मोठा फॉर्म भरायचे पहिल्या फर्मने वेगळे पैसे सांगितले होते. सगळं पत्नीला जात होतं, भारतातली ठेव मर्यादेत होती, त्यामुळे तो फॉर्म लागलाच नाही. अर्जातच इस्टेटीचे आकडे लिहून भागलं. पुण्यातल्या ठेवीबद्दल तुम्ही स्पष्ट म्हणालात, "इथली ग्रँट तिकडे आपोआप चालत नाही. ते काम माझं नाही. नॉमिनी काकू आहेत, आधी बँकेला विचारा, अडलं तर पुण्यातला वकील बघा. त्याचे पैसे मला देऊ नका."

सगळा हिशोब असा झाला. ठरलेले 950, नंतरच्या जादा कामाचे 1 तास 12 मिनिटांचे 276, त्यावर व्हॅट 245 पौंड 20 पेन्स, प्रोबेट अर्जाची सरकारी फी 300 आणि उताऱ्याचे 7. एकूण 1,778 पौंड 20 पेन्स. सरकारी फीवर व्हॅट नसतो. कुणी लावला तर विचारावं.

आता त्या 24 मिनिटांबद्दल. सॉलिसिटरचा तास सहा-सहा मिनिटांच्या दहा युनिटांत मोजतात. पहिल्या फर्मच्या बिलात एक ओळ होती, "ईमेल वाचला, 1 युनिट, 28 पौंड." त्या ईमेलमध्ये तीनच शब्द होते, "कागद मिळाले, धन्यवाद." तुमच्या दराने 24 मिनिटं म्हणजे 4 युनिटं, 92 पौंड आणि वर व्हॅट. ते तुम्ही लावू शकला असता, कुणी हरकत घेतली नसती. काकूंनी फोन केला होता तो एकच विचारायला, "घरावरून यांचं नाव काढायलाच हवं का?" पहिल्या फर्मने नाव काढण्याचेही पैसे सांगितले होते, आणि 'लवकर करा' म्हणून वर घाईही केली होती. तुम्ही मराठीत, सावकाश समजावलंत. फॉर्मचं नाव डीजेपी, लँड रजिस्ट्री त्याची फी घेत नाही, सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा, आणि त्याला मुदत नाही. घर विकायच्या आधी झालं म्हणजे पुरे. मग म्हणालात, "नाव राहू दे काकू, तुम्हाला वाटेल तेव्हा काढा." उरलेला वेळ तुम्ही नुसतं ऐकत होतात.

कायदा जाणणारे पुष्कळ भेटतात, ताई. समोरच्याच्या दुःखाचं मीटर बंद ठेवणारा एखादाच भेटतो. फी घेणं चूक नाही, तुमची फी तुमच्या कष्टाची आहे आणि ती आनंदाने भरली. पण काय मोजायचं आणि काय नाही हे ज्याला कळतं, त्याच्याकडे आपली माणसं निर्धास्तपणे पाठवता येतात.

तुमच्या सांगण्याप्रमाणे फाईल फेकलेली नाही. काकांची न वापरलेली 3 लाख 25 हजारांची करमाफ मर्यादा पुढे काकूंच्या इस्टेटीला मागता येते. त्यासाठी मृत्युपत्र, ग्रँट आणि हिशोबाचा कागद एका पाकिटात घालून वर तसं लिहून ठेवलं आहे.

डीजेपीचा फॉर्म भरून, सही करून कपाटात आहे. वर्षश्राद्ध झालं की पाठवते, असं काकू म्हणाल्या आहेत.

आपला कृतज्ञ,
काकूंचा पुतण्या