तापमानाच्या चौकटीशेजारी ऋतूची एक ओळ हवी

संपादक महोदय,

आपल्या वर्तमानपत्रात रोज कमाल आणि किमान तापमानाची चौकट असते. ते आकडे देणारा तापमापक हवामान केंद्राच्या मोकळ्या आवारात, गवतावर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. तो तसाच ठेवायला हवा. सगळीकडे एकाच पद्धतीने मोजतात म्हणूनच एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करता येते. पण स्थानकातून उतरून कचेरीपर्यंत चालणारा चाकरमानी गवतावरून चालत नाही. त्याच्या पायाखाली डांबर असते, दोन्ही बाजूंना काच आणि दगड असतो, आणि तिथला ऋतू निराळा असतो. महानगराच्या मध्यभागातल्या या ऋतूची नोंद नियमाने कुठेच होत नाही. ती चाकरमान्यांनी करावी आणि आपण आठवड्यातून एकदा छापावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मध्यभाग वेगळा असतो ही गोष्ट दोनशे वर्षांपासून माहीत आहे. लंडनमध्ये हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी शहरातले आणि बाहेरच्या गावांतले तापमान वर्षानुवर्षे मोजून 1818 ते 1820 च्या दरम्यान ते प्रसिद्ध केले. शहरातली रात्र सरासरी 3.7 अंश फॅरनहाइटने उबदार निघाली, दिवस मात्र किंचित थंड. कारण सरळ आहे. दगड, विटा आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात आणि अंधार पडल्यावर सोडू लागतात. उंच भिंतींमुळे रस्त्यावरून आकाशाची पट्टीच दिसते, त्यामुळे ही उष्णता वर निसटायला वाट कमी असते. भिजलेली माती आणि पाने जेमतेम, म्हणून बाष्पीभवनाने होणारा गारवाही नाही. त्यात वाहने आणि वातानुकूलन यंत्रे भर घालतात. वारा नसलेल्या निरभ्र रात्री हा फरक सर्वांत मोठा असतो.

झाडांना हे कळते. थंड प्रदेशांत मध्यभागातली झाडे बाहेरच्यांपेक्षा आधी पालवतात आणि पाने उशिरा टाकतात. रस्त्यावरचे दिवे आणखी गोंधळ करतात. दिव्यालगतच्या फांद्या बाकीचे झाड निष्पर्ण झाल्यावरही हिरव्या राहतात, हे वनस्पतिशास्त्रज्ञ एडविन मॅट्झके यांनी 1936 सालीच लिहून ठेवले आहे. रात्र किती लांबली यावरून झाड पाने टाकण्याची तयारी करते, आणि दिव्याखालच्या फांदीला रात्र लांबल्याचे समजतच नाही.

अशी नोंद करायला चाकरमान्याइतका योग्य माणूस नाही. तोच रस्ता, तीच वेळ, आठवड्याचे पाच-सहा दिवस. निरीक्षणाची खरी ताकद या तोचतोचपणात असते. जिनीव्हात ला त्रेय नावाच्या फिरण्याच्या जागेवरचे एक हॉर्स चेस्टनटचे झाड 1818 पासून पाहिले जाते. त्याचे पहिले पान उघडले की तिथल्या विधिमंडळाचा सचिव तारीख लिहितो आणि वसंत आल्याचे जाहीर होते. मधल्या काळात झाड बदलावे लागले, नोंद मात्र चालू राहिली. टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारात चेरीचे एक नमुना-झाड आहे. त्यावर पाच-सहा फुले उघडली की जपानचे हवामान खाते बहर सुरू झाल्याचे सांगते, आणि 80 टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. तिथला सोमेई योशिनो हा प्रकार कलमांनीच वाढवलेला असल्याने सगळी झाडे जनुकीयदृष्ट्या एक. म्हणून दोन शहरांतला फरक हवामानाचा, झाडाच्या स्वभावाचा नव्हे, असे ठामपणे म्हणता येते. दोन्हीकडे अंगीकारण्याजोगी गोष्ट एकच: ठरलेले एक झाड आणि ठरलेली एक खूण.

झाड निवडताना मात्र बहुतेक जण चुकतात. सर्वांत देखणे किंवा थांब्याला सर्वांत जवळचे झाड घेऊ नये. ज्याच्यावर रात्री दिव्याचा थेट उजेड पडतो, ज्याच्या खोडापाशी तळघरातल्या वाहनतळाची किंवा भुयारी रेल्वेची गरम हवा येते, ज्याच्या फांद्यांवर वातानुकूलन यंत्राचा झोत असतो, ते सोडावे. दोन-तीन वर्षांत लावलेले झाड नको, कारण मुळे धरेपर्यंत त्याचे वेळापत्रक भरवशाचे नसते. नुकतेच शेंडे छाटलेले तर नकोच. छाटणीनंतर फुटणारे धुमारे ऋतू पाहत नाहीत आणि नोंदणाऱ्याला पालवी आल्यासारखे वाटते. एकदा निवडलेले झाड बदलायचे नाही. पिंपळाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ एकाच वेळी पाने टाकतील असे नाही. एक तांबूस कोवळ्या पानांनी भरलेला असताना शेजारचा अजून जुनाच पाला वागवत असू शकतो. आज हा, उद्या तो असे पाहिले तर पालवीची तारीख अर्थहीन होते. थंड शहरांत रस्त्याकडेला लावल्या जाणाऱ्या गिंको या झाडाची अडचण उलट आहे. कडाक्याची थंडी पडली की तो एक-दोन दिवसांत सगळी पिवळी पाने गाळतो, म्हणजे शनिवार-रविवार चुकला की पानगळ चुकली.

खुणा चारच ठेवाव्यात: पहिले पान, पहिले फूल, अर्धी पानगळ, पूर्ण निष्पर्ण. सदाहरित झाड असेल तर फूल आणि फळ एवढेच. पहिले पान म्हणजे कळी फुगणे नव्हे. पानाचे पाते उघडलेले असावे, आणि झाडावर किमान तीन वेगळ्या ठिकाणी. एकाच फांदीवर दिसले तर वाट पाहावी. शुक्रवारी दिसले नाही आणि सोमवारी दिसले, तर दोन्ही तारखा लिहाव्यात. मधला रविवार अंदाजाने टाकू नये. ‘नाही’ हीसुद्धा नोंद आहे. ती लिहिली नाही, तर खूण त्याच दिवशी प्रकटली की फक्त त्या दिवशी लक्ष गेले, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. छायाचित्र घ्यायचे तर पदपथावरच्या एकाच फरशीवर उभे राहून, झूम न करता, आणि चौकटीत मागच्या इमारतीची एखादी कड येईल असे घ्यावे.

त्याच झाडाचे आळेही पाहावे. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि पायांखाली नेमकी तीच दबते. पानांच्या कडा करपू लागल्या की पाणी कमी पडत आहे असे समजावे. थंड शहरांत बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठानेही कडा तशाच करपतात. न्यूयॉर्कचे उद्यान खाते रस्त्याकडेच्या कोवळ्या झाडाला मे ते ऑक्टोबर या काळात आठवड्याला 15 ते 20 गॅलन पाणी घालायला सांगते, म्हणजे साधारण 60 ते 75 लिटर. ते हळूहळू मुरले पाहिजे. दबलेल्या मातीवर एकदम ओतले तर बहुतेक गटारात जाते. खोडाला भिडलेले काँक्रीट, रोषणाईच्या तारा, रोपाला आधारासाठी बांधलेला आणि नंतर सोडायचा राहिलेला पट्टा, हेही ऋतूच्या नोंदीत यावे. खोड जाड होते तसा पट्टा सालीत रुततो आणि काही वर्षांनी झाड वरून वाळू लागते. तोवर पट्टा कुणाच्या लक्षात आलेला नसतो.

पक्ष्यांबद्दल मला अधिक आग्रहाने लिहायचे आहे, कारण इथे नोंद न होण्याची किंमत जिवांनी मोजली जाते. स्थलांतर करणारे बरेचसे लहान पक्षी रात्री उडतात. उजळलेल्या इमारती त्यांना खेचून घेतात. पहाटे ते खाली उतरतात आणि काचेत दिसणाऱ्या झाडाकडे झेपावतात. 5 ऑक्टोबर 2023 रोजी शिकागोतल्या मॅकॉर्मिक प्लेस या एकाच प्रदर्शन केंद्राच्या काचांवर आपटून सुमारे एक हजार पक्षी मेले. पाऊस आणि प्रतिकूल वाऱ्याने थवे अडून राहिले होते आणि काच उजळलेली होती. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांचा पडदा चिकटवल्यावर मृत्यू सुमारे 95 टक्क्यांनी घटले. याचा अर्थ उपाय आहे, आणि तो साधा आहे. ठिपके किंवा रेघा काचेच्या बाहेरच्या बाजूला हव्यात, कारण आत लावल्या तर बाहेरचे प्रतिबिंब तसेच राहते. त्यांच्यातले अंतर 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मोठ्या काचेवर ससाण्याची एखाद-दुसरी आकृती चिकटवून काही होत नाही, पक्षी तिच्या बाजूने जातो आणि आपटतो. न्यूयॉर्कने 2021 पासून नव्या इमारतींच्या जमिनीपासून 75 फुटांपर्यंतच्या भागासाठी पक्ष्यांना दिसेल असे बांधकाम साहित्य कायद्याने सक्तीचे केले आहे.

मेलेले पक्षी सफाईत उचलले जातात. दहाला येणाऱ्याला पदपथ स्वच्छ दिसतो, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनाला असे काही घडते याची कल्पनाच नसते. पहिल्या गाड्यांनी येणाऱ्यांनीच हे टिपावे: तारीख, वेळ, इमारतीची कोणती बाजू, समोर झाड आहे की नाही, आदल्या रात्री कोणत्या मजल्यांवर दिवे होते. अशा नोंदी एका हंगामाच्या असल्या तरी कोणत्या काचेपासून सुरुवात करावी ते त्यातून कळते. पक्षी जिवंत पण सुन्न असेल तर त्याला हवेसाठी भोके पाडलेल्या कागदी खोक्यात, अंधारात आणि शांततेत तासभर ठेवावे. पाणी पाजू नये, दाणा घालू नये, सारखे झाकण उघडू नये. सावरल्यावर काचेपासून दूर, झाडांजवळ खोके उघडावे. हवेत भिरकावू नये. पंख लोंबत असेल तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यावे.

संध्याकाळच्या गर्दीत स्थानकाबाहेरच्या झाडांवर भरणारी साळुंक्यांची शाळाही नोंदवण्याजोगी आहे. उबदार, उजळ आणि शिकारी कमी असलेली जागा पक्षी रात्रीसाठी निवडतात. रोममध्ये हिवाळ्यात साळुंकीच्याच कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे याचसाठी शहरात उतरतात. थवा पहिल्यांदा कधी आला आणि शेवटचा कधी दिसला, एवढ्या दोन तारखा पुरेत. कबुतरांची मात्र ऋतुखूण धरू नये, ती वर्षभर पिल्ले घालतात. बहिरी ससाणा मात्र ऋतू पाळतो. न्यूयॉर्कच्या पुलांवर त्याची जोडी 1983 साली पुन्हा घरटे करू लागली. त्याला काड्या लागत नाहीत, उंच कठड्यावर थोडी वाळूखडी पुरते. पुलाची किंवा कठड्याची डागडुजी नेमकी त्याच महिन्यांत निघाली तर ते वर्ष वाया जाते. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1980 साली काँग्रेस अॅव्हेन्यू पूल नव्याने बांधला, तेव्हा खालच्या अरुंद फटींमध्ये वटवाघळे राहायला आली. उन्हाळ्यात तिथे सुमारे 15 लाख असतात. असा सांधा बुजवण्याआधी आत कोण आहे आणि कोणत्या महिन्यांत आहे, हे आधी पाहायला हवे.

सूर्याची नोंद कुणी करत नाही, पण रोज रस्ता ओलांडणाऱ्याच्या ती कामाची आहे. बरोबर पूर्व-पश्चिम रस्त्यावर 21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरच्या आसपास सूर्य रस्त्याच्या तोंडाशीच उगवतो आणि मावळतो. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचे रस्ते या दिशेपासून 29 अंशांनी वळलेले आहेत, म्हणून तिथे मावळतीचा हा योग मेअखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या थोडा आधी येतो. छायाचित्रकार गर्दी करतात, पण त्याच वेळी समोरून ऊन घेणाऱ्या चालकाला सिग्नलचा रंगही दिसत नाही आणि रस्ता ओलांडणारा माणूसही. पाठीशी सूर्य असलेल्या पादचाऱ्याला गाडी स्पष्ट दिसते, म्हणून आपणही दिसत आहोत असे तो धरून चालतो. धोका इथेच आहे. सूर्याची जागा दिवसाला साधारण अर्धा अंशच सरकते, त्यामुळे ही स्थिती एका दिवसाची नसून आठवडा-दोन आठवड्यांची असते. आपला रस्ता कोणत्या तारखांना या तडाख्यात येतो हे एकदा टिपले की ते दरवर्षी उपयोगी पडते.

पावसाचे थोडक्यात. कोरड्या काळानंतरच्या पहिल्या सरीत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण साचलेले तेल आणि टायरची पूड पाण्यात कालवली जाते. भरपूर पाऊस झाला की ती धुऊन जाते. जिथे कोरड्या ऋतूत पानगळ होते तिथे पावसाच्या कितीतरी आधीच पाला गटाराच्या जाळीखाली जाऊन बसलेला असतो. वरून जाळी स्वच्छ दिसते. अर्धी पानगळ कोणत्या रस्त्यावर कोणत्या तारखेला झाली हे माहीत असेल तर पूर्ण निष्पर्ण झाल्यावर लगेच ती जाळी उघडून साफ करता येते. ठरलेल्या सरकारी तारखेची वाट पाहण्याची गरज राहत नाही.

छापण्यासाठी जागा फार लागणार नाही. दर सोमवारी एक ओळ: रस्ता, झाडाची जात, खूण, ‘शेवटचे नाही’ आणि ‘पहिले हो’ या दोन तारखा, आणि नोंद किती जणांनी दिली तो आकडा. सरासरी काढू नये, कारण वेगवेगळ्या जातींच्या झाडांच्या तारखा मिसळल्या की काहीच उरत नाही. नोंद आली नाही त्या आठवड्याची जागा कोरी छापावी. काचांवर आपटलेल्या पक्ष्यांच्या नोंदी स्थलांतराच्या दोन हंगामांत वेगळ्या द्याव्यात आणि त्या-त्या इमारतीच्या व्यवस्थापनाला छापण्याआधी कळवाव्यात, म्हणजे दिवे मालवायला त्यांना वेळ मिळेल. वाचकांनी आपले झाड निवडून कळवावे, असे आवाहन आपण याच स्तंभातून केलेत तर पुढच्या पानगळीपासून सुरुवात होऊ शकेल.

आपला नियमित वाचक,
एक चाकरमानी