स्टेअरिंगमधली टकटक

चिपळूण,
२० डिसेंबर

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. स्टेअरिंग फिरवलं की टकटक होते आणि गॅरेजवाल्याने चाकही न उचलता ‘रॅक (स्टेअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणारी दातेरी दांडी) बदलावी लागेल’ असं सांगून टाकलं! बाबा रे, त्याला अजून होकार देऊ नकोस. रॅक हा सगळ्यात महागडा संशयित. त्याच्यावर सगळ्यात शेवटी यायचं.

आवाज नेमका कधी येतो, हे मात्र तू लिहिलं नाहीस. सगळी मेख तिथेच आहे. एखाद्या मोकळ्या मैदानात जा, काचा खाली कर आणि स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरव. चाकाच्या फेऱ्याबरोबर कटकट-कटकट वाजत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढत असेल, तर ते एक्सेलच्या, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याच्या, चाकाकडच्या जॉइंटचं काम. त्या जॉइंटवरचं रबरी बूट फाटतं, ग्रीस उडून जातं, आत धूळ-चिखल शिरतो आणि आतल्या पोलादी गोळ्या त्यांच्या खाचा खातात. चाकामागे वाकून बघ, रिमच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस फासल्यासारखं दिसलं तर वेगळा पुरावा नको. डावीकडे वळताना वाजत असेल तर बहुधा उजवीकडचा जॉइंट गेलेला असतो. आपल्या वडिलांच्या पिढीला हा ताप नव्हता. ॲम्बेसेडर काय, पद्मिनी काय, ताकद मागच्या चाकांना. १९८३ला मारुती ८०० आली, पुढची चाकं गाडी ओढायला लागली आणि हे दुखणं घरोघरी पोचलं.

पण गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावरही वाजत असेल, तर एक्सेलला विसर. आमच्या गाडीला पावसाळा सरता सरता हाच रोग लागला. पार्किंगमधून काढताना ‘टंग्’, परत सरळ करताना ‘टंग्’. मग इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून तुझ्या वहिनीला स्टेअरिंगवर बसवलं आणि टायरच्या वरून हात घालून शॉकरच्या स्प्रिंगवर बाहेरून बोटं टेकवली. (दोन वेढ्यांच्या मध्ये बोट घालू नकोस, सांगून ठेवतो.) ती स्टेअरिंग फिरवतेय आणि इकडे स्प्रिंग पीळ खात चालली आहे, हे बोटांना स्वच्छ कळत होतं. थरथरली, अडली आणि मग एकदम झटका देऊन सुटली. त्याच क्षणी ‘टंग्’. दुसऱ्या बाजूची स्प्रिंग मात्र मुकाट वळत होती.

कारण असं की, आपल्या बहुतेक लहान गाड्यांत स्टेअरिंग फिरवलं की अख्खा शॉकर स्प्रिंगसकट वळतो. त्याच्या डोक्यावर, त्याला गाडीच्या अंगाला जोडणाऱ्या माउंटिंगखाली, एक चपटं बेअरिंग असतं, त्याच्या जिवावर. ते जाम झालं की खालचं टोक वळतं, वरचं हटत नाही, आणि पीळ साठून साठून सुटतो. आमच्या मेस्त्रींनी ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, कुंभार्ली घाटातला लाल चिखल वाळून बसला होता. बोटाने फिरवलं तर वाळूत दळल्यासारखं करकरलं.

काम तसं अर्ध्या दिवसाचं, पण घरी करायला जाऊ नकोस. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतका जोर असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून ती आवळल्याशिवाय शॉकरच्या डोक्यावरचा मधला नट कुणालाही सोडू देऊ नकोस, मग तो कितीही जुना कारागीर असो. दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदमच बदलून घे आणि माउंटिंगचं रबर चिरलेलं असेल तर तेही. शॉकर उतरवला की अलाइनमेंट, म्हणजे चाकांची नेमकी दिशा, हलतेच. ती न करता गाडी ताब्यात घेतलीस तर पुढे टायर एका अंगाने झिजतील.

बाकीचे संशयित पटकन सांगतो. टकटक चाकाकडे नाही, पायापाशी जाणवते? मग ब्रेक पेडलच्या वर स्टेअरिंगच्या दांड्याचा जो जॉइंट आहे, तो बघायचा. स्टेअरिंगच्या चक्रातच खरखर आणि हॉर्नही कधी वाजतो कधी नाही? मग आतली गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग. त्यात एअरबॅगची वायर असते, तेव्हा तिथे कुणाला उगाच उचकटू देऊ नकोस. चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवल्यावर खडखडलं तर टाय रॉड (रॅकला चाकाशी जोडणारी दांडी), बारा आणि सहावर खडखडलं तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो खालचा गोल सांधा). या दोन्हींत मात्र चालढकल नको, निखळले तर चाक कुठेही जाईल. आणि हो, सगळ्यांच्या आधी चाकांचे नट पान्याने आवळून बघ. पंक्चर काढल्यावर ढिले राहिलेले नटही हुबेहूब असंच वाजतात, आणि ते आवळायला पैसे पडत नाहीत.

एवढं सगळं बघून झाल्यावरही तो रॅकच म्हणाला, तर गाडी वर घेऊन रॅक कुठे हलते ते हाताने दाखव म्हणावं. दाखवता आलं तर बदल खुशाल.

काय निघतं ते कळव. शनिवारी फोन केलास तर मी घरीच आहे, गाडीजवळ उभा राहूनच कर, म्हणजे आवाज मलाही ऐकू येईल. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दादू