गॅलार्डो घेण्याआधी

आर्वी, जि. वर्धा
9 नोव्हेंबर 2025

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार. आबांचा गुडघा आता बरा असेल आणि कापूस वेचायला माणसं मिळाली असतील, अशी आशा करतो.

हैदराबादच्या त्या लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचे फोटो आणि कागद नीट पाहिले. 2010 ची एलपी 560-4, तेलंगण पासिंग. "घेऊ का?" असं तू वर विचारलंस, पण खरा प्रश्न तू खाली लिहिलास: एवढा पैसा घालून मन भरेल का, की 'लॅम्बोर्गिनी घेतली खरी, पण सगळ्यात खालच्या पायरीची आणि तीही जुनी' असं टोचत राहील? आधी त्याचंच सांगतो.

खालच्या पायरीचं मनातून काढून टाक. त्या काळात वरच्या पायरीवर बारा सिलिंडरची मुर्सिएलागो होती. ती अंगानं आणखी मोठी, वजनानं जड, दुरुस्तीला महाग. आपल्या रस्त्यांना लहान गाडीच बरी. गॅलार्डो 1.9 मीटर रुंद आहे, आणि समोरून उसाची ट्रॉली आली की तेवढीही जास्त वाटते. 2003 ते 2013 या काळात अशा 14,022 गाड्या बनल्या. म्हणून तिचे आजार सगळ्यांना ठाऊक झालेत, आणि पंधरा वर्षांच्या गाडीत ही फार मोठी गोष्ट आहे. शिवाय कंपनी 1998 पासून ऑडीकडे असल्यानं ऑडीच्या आर 8 व्ही 10 मधलं इंजिन हिच्याच इंजिनाचं भावंड आहे.

मन भरेल की नाही, हे तुला आनंद नेमका कुठून हवा आहे त्यावर आहे. आकड्यांतून हवा असेल तर ही घेऊ नको. आजची नवी बीएमडब्ल्यू एम 340 आय साडेचार सेकंदांच्या आत शंभर गाठते, चार माणसं नेते आणि वॉरंटीत असते. गॅलार्डोला त्याला 3.7 सेकंद लागतात. हा फरक समृद्धी महामार्गावर किती वेळा कामी येईल? तिथली मर्यादा 120, आणि तिसरा गिअर पुरता ताणायच्या आत ही गाडी ती ओलांडते. तिचा ताशी 325 चा कमाल वेग तुझ्या आयुष्यात कधी लागणार नाही.

पण आनंद कानातून आणि हातातून हवा असेल, तर गोष्ट वेगळी. 5204 सीसीची दहा सिलिंडर तुझ्या पाठीमागे हातभर अंतरावर असतात. टर्बो नाही, त्यामुळे पाय जेवढा दाबशील तेवढंच आणि त्याच क्षणी उत्तर येतं. चारेक हजार आरपीएमच्या आसपास सायलेन्सरमधल्या झडपा उघडतात आणि आवाज घोगऱ्याचा मोकळा होतो. तो आवाज दुसऱ्या गिअरमध्ये, साठ-सत्तरच्या वेगातही मिळतो. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. डांबर संपून सिमेंट लागलं की ते तळहाताला कळतं. आजच्या बहुतेक गाड्यांत हे उरलेलं नाही. माझ्या मते आपल्या भागात हिचं मोल इथेच आहे: मजा शंभरच्या आत मिळते.

आता ती मजा मारणारी मुख्य गोष्ट, गिअरबॉक्स. तुझ्या गाडीत ई-गिअर आहे. आत साधाच सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि एकच क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक पंप करतो. तिला ऑटोमॅटिक समजून चालवणाऱ्यानं क्लच जाळलाच म्हणून समज. आठवडी बाजारात बंडीमागे वीतवीत सरकणं, चढावर ब्रेक न धरता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं आणि सगळ्यात वाईट म्हणजे चढावर रिव्हर्स घेणं, या तिन्हींत क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापून झिजतो. तुझ्या वाड्याचा उतार रस्त्याकडे आहे, म्हणजे गाडी आत घ्यायची तर चढ चढावा लागेल. ती नेहमी तोंडानं आत घे आणि उतारावरून रिव्हर्सनं बाहेर काढ. नीट चालवली तर एक क्लच वीस हजार किलोमीटर सहज जातो, वाईट चालवली तर त्याच्या अर्ध्यातही संपतो.

कंपनीच्या टेस्टरवर, म्हणजे गाडीला जोडायच्या तपासणी यंत्रावर, क्लच किती टक्के झिजला ते दिसतं. तो आकडा बघ, पण एकट्या त्याच्यावर जाऊ नको. क्लच न बदलता नुसता आकडा शून्य करून ठेवता येतो, किंवा बदलल्यावर शून्य करायचं राहूनही जातं. म्हणून क्लच बदलल्याचं बिल माग आणि त्यावरचे किलोमीटर मीटरशी ताडून पाहा.

पंपाची तपासणी तुला स्वतःला करता येईल. गाडी थंड असताना ड्रायव्हरचं दार उघड. मागून काही सेकंद घर्रघर्र येऊन थांबली पाहिजे. मग इंजिन बंद ठेवून चावी ऑन कर, ब्रेक दाब, आणि न्यूट्रल-पहिला-न्यूट्रल असा गिअर बदलत राहा. साठवलेल्या दाबावर काही बदल व्हावेत आणि मग पंप पुन्हा लागावा. प्रत्येक बदलाला पंप लागत असेल तर दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर थकलाय. तो भाग स्वस्त आहे, पण तसाच ठेवला तर पंप सतत चालून जळतो आणि पंप महाग आहे. पंपाचा रिले, म्हणजे त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच, चिकटला तरी हेच होतं, म्हणून घेतल्याबरोबर रिले नवा टाकून घे.

आता रस्ता. गाडी तुझ्या दारी पोचेल का, हे गाडी न आणता कळतं. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटीमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. गॅलार्डोच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.56 मीटर अंतर आहे. पोट ब्रेकरवर येतं तेव्हा चारही चाकं त्याच गोलाईवर चढलेली असतात, त्यामुळे पोटाखालची जागा पाचेक सेंटीमीटरच कमी होते आणि गाडी निघते. गावातले ब्रेकर असे नसतात. लोकांनी रात्रीतून टाकलेला दोन फूट रुंद, सहा इंच उंच उंचवटा दोन्ही चाकांच्या मधे येतो, चाकं खाली सपाटीवर असतात आणि पोटाला पूर्ण सहा इंच जागा लागते. तेवढी हिच्यापाशी नाही.

म्हणून असं कर. हैदराबादला गेलास की टाकी भरून, दोन माणसं बसवून, पोटाखालच्या सगळ्यात खालच्या जागेची जमिनीपासूनची उंची टेपनं मोज. घरी आल्यावर आठ फूट पाच इंचांची सरळ बल्ली घे आणि दोन्ही टोकांना तेवढ्याच उंचीचे लाकडी पाय ठोक. ती घेऊन घरापासून दारव्ह्यापर्यंत आणि पुढे कारंजा लाडपर्यंत प्रत्येक ब्रेकरवर आडवी ठेव. मधे कुठे टेकली तिथे खडूनं खूण कर. तिरपं, एकेक चाक चढवत गेलं की काही ब्रेकर निघतात, म्हणून बल्ली तिरपी ठेवूनही बघ. गाडीला लिफ्ट असली तरी ती फक्त नाक वर करते, पोट नाही. तिरपी ठेवूनही टेकणारे दोन-तीनच निघाले तर ग्रामपंचायतीला सांगून उतार करून घेता येईल. बारा निघाले तर ही गाडी तुझ्या घरी राहूच शकत नाही. नागपूरला कुठे ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी. काळ्या मातीवरच्या डांबराच्या लाटांचंही ध्यानात ठेव. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि ऐंशीच्या वेगात अशा लाटेत नाक खाली गेलं की बंपरची कड घासते.

ठेवायला टिनाचं शेड चालणार नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला आतलं चामडं आकसतं आणि डॅशबोर्डवरून सुटायला लागतं. जाड भिंतीची खोली बघ, सरकी-कुटारापासून लांब. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर ते शोधण्यातच महिना जातो, म्हणून दाराखाली बारीक जाळी ठोक. बॅटरीला कायम मेंटेनन्स चार्जर लाव. व्होल्टेज पडलं की ई-गिअर उगाच चुका दाखवतो. सोयाबीनची मळणी सुरू असताना गाडी बाहेर काढलीस तर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतले रेडिएटर कुटाराने भरतात. ते हलक्या हवेनं आतून बाहेर साफ कर, जोराच्या पाण्यानं पाती वाकतात.

पेट्रोल आता सगळीकडे इथेनॉल 20 टक्क्यांचं मिळतं. 2010 च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, त्या आधी बदल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरून ठेव; रिकामी जागा कमी, तेवढं पाणी कमी. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाक. समृद्धीच्या सिमेंटवर उन्हाळ्यात कडक झालेलं रबर फार लवकर तापतं.

कागदांत मला दोन गोष्टी खटकल्या. नोंदणीला पंधरा वर्षं झाली आहेत. परदेशी बनावटीच्या चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 40,000 रुपये आहे आणि ते पाच वर्षांसाठीच मिळतं. ते विकणाऱ्यानं आधी करून द्यावं, मगच पैसे दे. दुसरं, बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद, फोटोंत नाही. जकात भरून आत आलेल्या गाडीचं ते असतंच. मूळ कागद बघितल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नको. त्यानंतर तेलंगणची एनओसी फॉर्म 28 वर, आणि नावावर करायला 29 व 30. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागेल, तो किमतीत धर.

किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवता येत नसेल तर थांब. पहिल्या वर्षात टायर, नळ्या, दहा लिटरच्या आसपास इंजिन ऑइल, कदाचित क्लच, हे सगळं येणारच. आणि ही गाडी बिघडली तर गावची क्रेन लावू देऊ नको, पुढचा भाग तुटेल. सपाट पाट्याचा ट्रक लागेल आणि मुंबईपर्यंत न्यावी लागेल.

फेरारी कॅलिफोर्नियाचंही तू विचारलंस. तिला दोन क्लचचा सात गिअरचा बॉक्स आहे, गर्दीत ती फार सोपी, मागे पोरं बसतात, छत चौदा सेकंदांत उघडतं. पण सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या आतले सेन्सर जातात आणि त्यासाठी अख्खा बॉक्स उतरवावा लागतो. उन्हात तिची रबरी लेपाची बटणं चिकट होतात. आणि इंजिन पुढे आहे. वहिनींना सोबत घेऊन रोज फिरायचं असेल तर ती घे. पण तुझ्या पत्रात तीनदा 'पाठीमागून येणारा आवाज' आलाय, तो तिच्यात नाही.

हैदराबादला दोन वेळा चालव: एकदा दुपारी दोनला, एसी लावून, शहराच्या गर्दीत अर्धा तास; दुसऱ्या दिवशी पहाटे, थंड इंजिनवर. तू सहा फूट आहेस आणि गाडी जेमतेम 1165 मिलिमीटर उंच आहे. चाळीस मिनिटं बसूनच राहा, मान आणि गुडघे काय म्हणतात ते ऐक. दुपारच्या फेरीनंतरही दुसऱ्या दिवशी पहाटे उठावंसं वाटलं, तर घे.

बल्ली फिरवून झाली की किती ठिकाणी टेकली ते कळव. टेस्टरचा कागद आणि क्लचचं बिल हाती आलं की दोन्हींचे फोटो पाठव, मी वाचून सांगतो. आबांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधाकर