यानागिबा सुरीची पाठ वाचवणाऱ्या काकांस

ती. स्व. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रविवारी आमच्या घरमालकीणबाईंना त्यांच्या यजमानांची सुरी परत दिली. समोर बसून तुमचे आभार मानू लागले असते, तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठला असता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, जपानात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांपैकी आणखी कोणाच्या तरी कपाटात अशी गंजलेली सुरी पडून असेल, आणि तुमच्यासारखे माणूस प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही.

जूनच्या पावसात घरमालकीणबाईंनी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन सुऱ्या माझ्या हाती ठेवल्या होत्या: माशाचे डोके तोडण्याची जाड पाठीची देबा, भाजीची उसुबा आणि साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, कापण्याची तीस सेंटिमीटर लांबीची यानागिबा. त्यांचे यजमान ओसाकात माशांचे छोटे खाणावळवजा दुकान चालवत असत. ते गेल्यापासून या सुऱ्यांना कोणी हात लावला नव्हता. उपयोग असेल तर ठेव, नाहीतर टाकून दे, असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण पुडके माझ्या हाती देताना त्यांचा हात क्षणभर त्यावरच राहिला होता.

मी बाजारातून एक दगड आणला आणि सांगलीच्या घरची सुरी जशी दोन्ही बाजूंनी घासावी, तशी यानागिबा दोन्ही बाजूंनी घासली. ती चूक किती मोठी होती हे मला तुमच्याकडे आल्यावर कळले. तुम्ही चष्मा लावून पाते खिडकीच्या उजेडात धरलेत, बराच वेळ काही बोलला नाहीत आणि मग एवढेच विचारलेत, "पाठ तिरकी धरून घासलीस का?" मी हो म्हटले. त्यावर तुम्ही रागावला नाहीत, "असू दे" असेही म्हणाला नाहीत. कागद घेऊन पात्याचा आडवा छेद काढून दाखवलात. यानागिबाला धार एकाच बाजूने असते. समोरच्या बाजूला शिनोगीच्या, म्हणजे उतार सुरू होतो त्या, रेषेपासून धारेपर्यंत उतार असतो आणि मागची बाजू, जिला उरा म्हणतात, ती किंचित खोलगट घडवलेली असते, म्हणजे दगडावर सपाट ठेवली की फक्त कडेची अरुंद पट्टी टेकते. त्या खोलगटपणामुळे माशाचा काप पात्याला चिकटत नाही, आणि त्याच्यामुळेच मागची बाजू वर्षानुवर्षे सपाट राखता येते. मी तिथेच पाते उचलून घासल्यामुळे मागच्या बाजूला धारेलगत एक बारीक दुसरा उतार पडला होता.

तो घालवण्याचा सोपा मार्ग मागची बाजू घासत राहण्याचा होता, आणि तोच मी धरला असता. तसे केले तर खोलगट भाग हळूहळू खाल्ला जातो, कडेची पट्टी रुंद होत जाते आणि सुरीचे उरलेले आयुष्य संपते, हे तुम्ही समजावलेत, आणि समोरच्या बाजूने धार थोडी मागे नेण्याचा लांबचा मार्ग घ्यायला लावलात. "पोलाद एकदा गेलं की परत येत नाही, म्हणून जेवढं घालवायला हवं तेवढंच घालवायचं," हे तुमचे वाक्य मी माझ्या दगडांच्या डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवले आहे.

त्यापुढचे सात रविवार मी हानकाई ट्रामने ओसाकाशेजारच्या साकाईला तुमच्याकडे येत राहिले, आणि या सातही रविवारी तुम्ही ती सुरी माझ्यासाठी एकदासुद्धा घासली नाहीत, याबद्दल मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत. तुमच्या हाताने ते काम एका दुपारी झाले असते. तुम्ही शेजारी बसून फक्त ऐकत असायचात. उतार दगडावर नीट टेकला की एकसारखा मऊ आवाज येतो आणि पाते जरा उचलले गेले की तो कोरडा, किरकिरा होतो, हे तुम्ही डोळे मिटून ओळखायचात. नुसत्या "हं" वरून माझा हात थांबायचा.

पहिल्या रविवारी दगडाला हातही लावू दिला नाहीत. मुळ्याच्या कापलेल्या तोंडावर भांडी घासायची पूड घेऊन लाल गंज चोळायला सांगितलात, आणि नाव कोरलेल्या जागेला मात्र मुळीच घासायचे नाही, अशी ताकीद दिलीत. मग दगड सपाट करणे आले: पेन्सिलीने दगडभर रेघा ओढायच्या, हिऱ्याच्या पट्टीने त्या पुसल्या जाईपर्यंत घासायचे, आणि मधोमध रेघ उरली की तिथे खड्डा आहे असे समजायचे. ४०० नंबरच्या दगडावर तीन रविवार गेले (नंबर जितका लहान, तितका दगड खरखरीत). डाव्या हाताची बोटे धारेजवळ दाबून ठेवायची आणि पाते पुढेमागे न्यायचे, एवढीच ती क्रिया, पण दगडावर जमणारा काळसर गाळ मी सारखी धुऊन टाकत होते आणि तुम्ही दर वेळी माझा पाण्याचा तांब्या दूर सरकवत होतात. तो गाळच काम करतो, हे मला १००० नंबरच्या दगडावर पटले. धारेच्या पलीकडच्या बाजूला केसाएवढी कड वळली आहे की नाही, हे अंगठा धारेवर आडवा, बाहेरच्या दिशेने हलकेच ओढून पाहायला तुम्ही शिकवलेत. इथे तिला काएरी म्हणतात. टोकापासून मुठीपर्यंत ती सलग लागली, तेव्हा सुरी घेऊन तुमच्याकडे धावत यावेसे वाटले होते, पण तुम्ही दोन हातांवरच बसला होतात आणि मी बोलायच्या आधीच मान हलवलीत.

शेवटी ६००० नंबरच्या दगडावर मागची बाजू अगदी सपाट ठेवून ती कड काढली, आणि समोरून इतोबा दिली. इतो म्हणजे धागा. धाग्याएवढा बारीक उतार धारेला आधार देतो. त्या दिवशी पात्यावर काय उमटले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. धारेचे कठीण पोलाद, म्हणजे हागाने, आरशासारखे चकाकत होते आणि त्याला जोडलेले वरचे मऊ लोखंड, जिगाने, धुरकट राखाडी झाले होते. दोन्ही भागांवर एकाच दगडाने काम केले, पण कठीण आणि मऊ धातूवर त्याची खूण वेगवेगळी उमटते. या धूसरपणाला कासुमी, म्हणजे धुके, म्हणतात. त्या दोहोंची सीमारेषा लाटेसारखी वळत टोकापर्यंत गेली होती.

उसुबाबद्दलही आभार मानायचे आहेत, जरी ती वाचली नाही. माझ्या लहानपणी गल्लीत सायकलवर चाक फिरवणारा धारवाला यायचा, आणि ठिणग्या उडाल्या म्हणजे धार लागली, असे आम्ही मुले समजायचो. उसुबा मी तुमच्याकडे येण्यापूर्वीच चाकावर धार लावणाऱ्या एका दुकानात देऊन बसले होते, आणि ती टोकाशी निळसर झाक घेऊन परत आली. साध्या कार्बन पोलादावर साधारण ३०० अंशांना निळा रंग चढतो आणि तोवर पाणी देऊन आणलेली कठीणता उतरलेली असते, हे तुम्ही सांगितलेत, आणि पाण्याच्या दगडावर घासण्यामागचे कारण मला त्या निळ्या डागात दिसले. तिच्यावर मेहनत घेऊन उपयोग नाही, हे तुम्ही स्वच्छ शब्दांत सांगितलेत. खोटी आशा लावली नाहीत.

साकाईत सुरी घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा असतो. तरुणपणी नोकरीनिमित्त इथे आल्यावर, भाड्याच्या खोलीखाली राहणाऱ्या धार लावणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे संध्याकाळी जाऊन बसत होतात, हे तुम्ही ट्रामच्या थांब्यावर मला सोडायला आलात तेव्हा एकदाच बोलला होतात. त्यांच्याकडून आलेले माझ्यापर्यंत पोहोचले, ते माझ्या मराठीत, आणि त्यासाठी तुम्ही शोधलेले मराठी शब्द आजही माझ्या कानांत आहेत. काएरीला "कूस" म्हणावे की "कड", यावर आपण अर्धा तास घालवला होता.

मूठ होओच्या लाकडाची नवी बसवली. पात्याला कामेलियाचे तेल लावून सुरी घरमालकीणबाईंसमोर ठेवली, तेव्हा त्यांनी धार पाहिलीच नाही. गंजाखालून वर आलेल्या अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवले आणि नाव वाचले. ते घडवणाऱ्याचे नव्हते. त्यांच्या यजमानांनी विकत घेताना मुठीजवळ कोरून घेतलेले त्यांचे स्वतःचे नाव होते. तिथे दगड लावू नकोस, असे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितले नसते, तर मी ते सर्वांत आधी घासून चकचकीत केले असते. संध्याकाळी त्यांनी त्याच सुरीने 'ताई' नावाच्या माशाचे काप केले आणि ताटली माझ्या दारात आणून दिली. निम्मी तुमच्यासाठी आहे, असे त्यांनी बजावले होते. ती तुमच्यापर्यंत टिकणारी नव्हती, म्हणून तो निरोप इथे लिहीत आहे.

देबा अजून बाकी आहे. तिच्या धारेला मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा उडालेला आहे. येत्या रविवारी दगड सपाट करूनच घेऊन येते.

आपली,
ओसाकाची पुतणी