सदस्यांनी फक्त सतरंज्याच उचलायच्या का? कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय कायदामंत्री,
स.न.वि.वि.

ज्यांच्याविरुद्ध आम्ही गल्लोगल्ली प्रचार केला, त्यांच्याशीच आमच्या पक्षाच्या आमदारांनी गेल्या आठवड्यात हातमिळवणी केली. आम्हा सदस्यांना ते टीव्हीवर कळलं. बैठक नाही, साधा निरोप नाही. मतदानाच्या दिवशी पहाटेच्या मॉक पोलपासून यंत्राला सील लागून बूथवरच्या मतांची नोंद असलेला सतरा-सीचा कागद हातात पडेपर्यंत मी बूथवरून हललो नव्हतो. 'तुम्ही आहात म्हणून पक्ष आहे,' असं गळ्यात पडून म्हणणारा उमेदवार आता फोन उचलत नाही. ज्यांच्या दारात जाऊन मी मतं मागितली, ते जाब मला विचारतात. मी काय सांगू?

आमदारांना लाखोंनी निवडलंय, मूठभर सदस्यांनी नाही, असं आपण म्हणाल. पण मतं चिन्ह बघून पडली आणि चिन्ह पक्षाच्या एबी फॉर्मवर, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्रावर, मिळालं. राजकीय पक्ष वेगळा, विधिमंडळ पक्ष म्हणजे त्याच्या आमदारांचा गट वेगळा, सभागृहात आमदारांना पक्षादेश देणारा व्हिप नेमायचा तो राजकीय पक्षाने, हे सर्वोच्च न्यायालयाने शिवसेना प्रकरणात ११ मे २०२३ रोजी स्वच्छ सांगितलं. त्याच्या तीनच महिने आधी निवडणूक आयोगाने ५५ पैकी ४० आमदार मोजून शिंदे गटाला नाव आणि धनुष्यबाण देऊन टाकले होते. पक्षाची घटनाच लोकशाहीला धरून नाही, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही, हे आयोगाचं कारण! मग ती लोकशाहीला धरून आहे की नाही, हे वेळेवर बघायचं कुणी? आणि राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, तर दोन-तृतीयांश आमदारांनी होकार दिला की विलीनीकरण झालं असंच मानते. त्यात आम्ही कुठेच नाही.

सदस्य चुकतात, म्हणे. ब्रिटनमध्ये २०२२ साली नेतेपदासाठी, म्हणजेच पंतप्रधानपदासाठी, हुजूर पक्षाच्या खासदारांची पहिली पसंती ऋषी सुनक होते, सदस्यांनी लिझ ट्रस निवडल्या आणि त्या दोन महिनेही टिकल्या नाहीत. खरं आहे. पण आमदार काय कधी चुकत नाहीत? त्यांच्या चुका आयुष्यभर आम्हीच निस्तरतो.

पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ साली आपल्या १७०व्या अहवालात केली. पाव शतक उलटलं. सरकारं सगळ्यांची येऊन गेली, आणि एकालाही ती हवी नव्हती, कारण घराण्यांना आणि गटनेत्यांना सदस्य हवेत ते टाळ्यांपुरते.

नेता, युती आणि विलीनीकरण यांवर सदस्यांचं गुप्त मतदान सक्तीचं करा आणि सदस्ययादी निवडणूक आयोगाकडे जमा करायला लावा. येत्या अधिवेशनात दुरुस्ती आणणार आहात की नाही, तेवढं लेखी कळवा.

आपला,
एक पक्षसदस्य